शेवटचा क्रेहनरोडर

"लग्नानंतर मी शलाकाचं आडनाव लावणार आहे, पपा."

रविवारी दुपारी, कॉफीच्या वेळेला, टोबियासने सांगून टाकलं. त्याच्या वडिलांनी, हर्मान यांनी, केकचा काटा बशीच्या कडेला ठेवला आणि खिडकीबाहेर पाहिलं.

"असं," ते म्हणाले. मग जवळजवळ भरलेली कॉफीची किटली उचलून ते स्वयंपाकघरात गेले. आत नळ सुरू झाला आणि बराच वेळ बंदच होईना.

"आजच सांगायला हवं होतं का?" मी हळू आवाजात विचारलं.

"मग कधी? बारा दिवसांनी, लग्न लावणाऱ्या बाईंसमोर?"

ही गोष्ट वीस वर्षांपूर्वीची. मी कासेलमधल्या एका पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर होते, टोबियास तिथेच डिझाइनमध्ये. जर्मनीत लग्न नोंदवताना आडनावाचं काय ते सांगावं लागतं. तिचं दोघांनी लावायचं, त्याचं लावायचं, किंवा आपापलं ठेवायचं. मी आंदुर्लेकर, तो क्रेहनरोडर. मी आपापलं ठेवायच्या मताची होते. त्याला मात्र आंदुर्लेकर व्हायचं होतं. सुरुवातीला मला ते फार गोड वाटलं होतं. त्या दिवशी तो नळ ऐकताना वाटेना.

रात्री कुडाळला फोन केला. आईने ऐकलं आणि कपाळावर हात मारल्याचा आवाज मला इकडे आला.

"जावयाने आपलं आडनाव लावायचं? अगं, लोक घरजावई म्हणतील त्याला!"

"इथे असं कुणी म्हणत नाही गं."

"इथे म्हणतील ना!"

मग बाबांनी फोन घेतला. आम्ही दोघी बहिणीच. आंदुर्लेकर हे नाव आमच्या घरात बाबांपाशीच थांबणार, हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर कधी कुणी बोलत नसे. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल.

"त्याच्या वडलांक काय वाटला, ता इचारलंस?" ते म्हणाले. मनापासून काही विचारायचं असलं की बाबा मालवणीवर येत.

मी विचारलं नव्हतं. फोन ठेवल्यावर मला एका जागी बसवेना. भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. सोमवारी कारखान्यात एका ड्रॉइंगवर चुकीचं माप लिहिलं. मंगळवारी बसमधून दोन थांबे आधीच उतरून उगाच चालत घरी आले. लग्न जवळ आलं की मुलींना काय काय होतं म्हणतात, त्यातलंच असेल अशी मी स्वतःची समजूत घालत होते.

बुधवारी हर्मान यांचा फोन आला. मला, टोबियासला नाही.

"शनिवारी क्रेहनरोड उघडं आहे," ते म्हणाले. "तुम्ही याल का? एकट्या?"

तोपर्यंत ते मला 'तुम्ही'च म्हणत.

क्रेहनरोड म्हणजे त्यांच्या आडनावाचं गाव. आता नसलेलं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी लष्कराला सरावासाठी जागा हवी होती, म्हणून तिथली माणसं उठवली आणि घरांवर तोफांचे नेम धरले. जागा अजून लष्कराकडेच होती. वर्षातून एखाद्या दिवशी तेवढी सगळ्यांसाठी उघडायचे. टोबियासला मी सांगितलं तसा तो हसला, पण ते हसू काही बरं नव्हतं.

"दगड दाखवतील तुला. मी लहान होतो तेव्हापासून मला दगड दाखवतायत."

"तुझ्या वडिलांना वाईट वाटलंय, टोबी."

"वाटू दे." तो उठला, खोलीत फिरला, परत बसला. "मी दत्तक आहे हे तुला माहीत आहे."

माहीत होतं. चार वर्षांचा असताना हर्मान आणि त्यांच्या बायकोने त्याला घरी आणलं होतं. ती बिचारी नंतर काही वर्षांनी गेली.

"माझ्या कन्फर्मेशनचा समारंभ होता," तो म्हणाला. चर्चमध्ये मुलं वयात आल्यावर तो विधी करतात, मुंजीसारखा. "सगळे जेवायला जमलेले. माझ्यासाठी जमलेले. काकांनी ग्लास उचलला आणि म्हणाले, वाईट एवढंच की आपलं जुनं नाव हर्मानबरोबर संपणार. मी तिथेच बसलो होतो, शलाका. नवा कोट घालून. माझंही नाव तेच होतं."

"आणि पपा?"

"पपा काही बोलले नाहीत."

थोड्या वेळाने तो एवढंच म्हणाला, "त्यांना रस्ता सोडू देऊ नकोस. तिथे जमिनीत अजून न फुटलेले गोळे आहेत. ते दर वर्षी दोरी ओलांडतात."

शनिवारी हर्मान मला न्यायला आले ते टाय बांधून. ऑक्टोबरचा शेवट होता. फाटकावर एका सैनिकाने गाडीत वाकून बजावलं, रस्त्यावर आणि गावच्या चौकातच राहायचं, दोरीपलीकडे जायचं नाही, पाचच्या आत बाहेर पडायचं. हर्मान यांनी शाळकरी मुलासारखी मान डोलावली. पुढे बीचच्या झाडांतून रस्ता गेला होता. मध्येच नेमबाजीसाठी ठेवलेला एक गंजका रणगाडा दिसला, त्याच्यावर शेवाळ चढलं होतं.

गाव म्हणजे चर्चच्या पायऱ्या, बुरुजाचा तळ, एक विहीर आणि लिंडनची चार-दोन जुनी झाडं. पायऱ्या कुठेच जात नव्हत्या. आणखी काही म्हातारी माणसं आली होती, थर्मासमधून चहा पीत, एकमेकांना फारसं न बोलता हात करत. आम्ही बाकावर बसलो. हर्मान यांनी टायची गाठ सैल केली.

"क्रेह म्हणजे कावळा," ते म्हणाले. "आणि रोड म्हणजे जंगल तोडून मोकळी केलेली जागा."

"म्हणजे कावळेवाडी," मी मराठीत म्हणाले आणि त्यांना समजावून सांगितलं. "आमच्याकडे असतात तर तुम्ही कावळेवाडीकर झाला असतात. आम्ही आंदुर्ल्याचे, म्हणून आंदुर्लेकर."

"का-व-ळे..." त्यांनी प्रयत्न केला, सोडून दिला आणि पहिल्यांदा हसले. "मी ट्रॅक्टरचे सुटे भाग विकायचो. अर्धा देश पालथा घातला. नव्या शहरात उतरलो की आधी टेलिफोन बूथ. डिरेक्टरी काढायची, 'के' उघडायचं आणि नाव शोधायचं."

"सापडलं कुणी?"

"एकदा. हानोव्हरला. मी जेवलोही नाही, पत्ता शोधत पळालो. दार उघडलं ते माझ्या आत्याने. ती तिकडे राहायला गेल्याचं मला कुणी सांगितलंच नव्हतं."

मला हसू आवरेना. तेही हसत होते, पण त्यांचा पाय सारखा हलत होता. मलाही सारखं घड्याळ बघावंसं वाटत होतं. दोघांनाही जे बोलायचं होतं ते अजून यायचं होतं.

"हे नाव इतकं दुर्मिळ का, सांगा पाहू," ते म्हणाले.

"गाव लहान होतं म्हणून?"

"लहान होतंच. पण गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कोण लावेल? इथे सगळे इथलेच. इथे श्मिट होते, बेकर होते. क्रेहनरोडर एकही नव्हता. गाव सोडून जो दुसरीकडे जातो, त्यालाच तिथले लोक म्हणतात, तो क्रेहनरोडचा. आणि इथून फारसं कुणी गेलं नाही. एकच गेला."

त्या एकाची गोष्ट त्यांना त्यांच्या आजीने सांगितली होती. फार जुन्या काळी, तीस वर्षं चाललेल्या युद्धात, सैन्यं येत-जात होती आणि मागून प्लेग. एके दिवशी त्यांच्या आताच्या गावात, म्हणजे इथून दिवसभराच्या चालीवर, एक लहान पोर रस्त्याने चालत आलं. तापाने फणफणलेलं. आईबाप कोण, ठाऊक नाही. नाव विचारलं तर सांगता येईना. काहीही विचारलं की एकच शब्द बोलायचं, क्रेहनरोड. एका गवंड्याच्या घराने त्याला ठेवून घेतलं. गवंड्याला स्वतःची मुलं होती, त्यांचं नाव वेगळं. हा मात्र क्रेहनरोडरच राहिला.

"खरं-खोटं देव जाणे," हर्मान म्हणाले. "आजी तशी थापा मारायची."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. "म्हणजे पहिला क्रेहनरोडर..."

"होय. कुणीतरी ठेवून घेतलेला."

"हे टोबियासला सांगितलंत?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "हे त्याला सांगायचं तर आधी दुसरं काहीतरी बोलावं लागतं. त्याच्या समारंभाचं. माझा भाऊ प्यायलेला होता. माझी आई शेजारी बसलेली. टोबियास केक खात होता. मला वाटलं, त्याने ऐकलं नसेल. मुलं खात असली की आपल्याला वाटतं त्यांना ऐकू येत नाही." त्यांनी टाय पुन्हा घट्ट केला. "तुम्हीच सांगा त्याला ही गोष्ट. तुमचं तो ऐकेल."

"मी नाही सांगणार," मी म्हणाले. मलाही माझा आवाज जरा कठोर वाटला. "तुम्ही सांगा. नावाचं नंतर. आधी केकचं."

ते उठले. दुखावले होते की नुसतेच उठले होते, मला कळलं नाही. चौकाच्या कडेने दोरी बांधलेली होती, तिच्यावर कवटीचं चित्र असलेल्या पिवळ्या पाट्या. पलीकडे पानांखाली दगडांच्या रांगा दिसत होत्या, पूर्वीच्या घरांच्या.

"तिकडे दफनभूमी होती," ते म्हणाले. "आलोच मी."

"हर्मान, नको."

"दर वर्षी जातो मी."

त्यांनी दोरी उचलली आणि खालून गेले. मी दोरीपाशी उभी राहिले, हाका मारत. ते मागे न बघता चालत होते, पंचाहत्तरीचा, टाय बांधलेला माणूस, हात मागे बांधून, जणू बागेत फिरायला निघालाय. मग एकदम ते बुटके झाले. आधी मला वाटलं खाली बसले. मग त्यांचं ओरडणं ऐकू आलं.

पानांखाली कुठल्यातरी घराचं जुनं तळघर होतं. त्याचं छप्पर त्यांच्या वजनाने खचलं होतं आणि ते कमरेपर्यंत आत गेले होते. पाय लाकडांत अडकला होता. सुटायची धडपड केली की कडेची माती आणि विटा आत सरकत होत्या.

"हलू नका!" मी ओरडले. मोबाइलला रेंज नव्हती. एक वृद्ध जोडपं गाडीकडे निघालं होतं, त्यांना मी फाटकावर सैनिकांना आणायला पिटाळलं. मग पुन्हा दोरीपाशी. एक पाय मी दोरीपलीकडे टाकला, मागे घेतला. पुन्हा टाकला. तो पाय पुढे जाईना. आजही कधी कधी झोपेत मी त्या दोरीपाशी उभी असते.

तेवढ्यात टोबियासची गाडी चौकात येऊन थांबली. त्यालाही घरी बसवलं नव्हतं. त्याने मला पाहिलं, दोरीपलीकडे पाहिलं आणि काहीही न विचारता दोरी ओलांडली.

"टोबी, सैनिक येतायत!"

"माती सरकतेय, शलाका."

तो वडिलांच्या पावलांवर पाय ठेवत चालला होता. जिथे पानं दबली होती तिथेच पाऊल, मग थांबणं, मग पुढचं. हर्मान यांनी मान वळवली आणि त्याला पाहिलं. त्या माणसाला मी कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं.

"मागे फिर!" ते किंचाळले. "टोबियास, मागे फिर!"

"ओरडू नकोस, पपा. माती पडेल."

"आत येऊ नकोस म्हणतो ना!"

"मग काय करू? शेवटच्या क्रेहनरोडरला त्याच्या गावात पुरून घरी जाऊ?"

तो हे रागानेच म्हणाला. पाऊल मात्र पुढे टाकलं. आणि हर्मान यांचा चेहरा असा झाला की मला बघवेना.

"खड्ड्यात गेलं ते नाव!" ते ओरडले. जर्मनमध्ये ते 'सैतानाला दिलं' असं म्हणाले होते. माझ्या कानांनी मात्र ते मराठीतच ऐकलं. "काय हवं ते लाव! नको तर लावूच नकोस! मी कधी मागितलंय का तुझ्याकडे ते नाव? तू फक्त मागे फिर, पोरा! मागे फिर!"

टोबियास एक क्षण थांबला. मग त्याच चालीने पुढे गेला, खड्ड्याच्या कडेला पोटावर आडवा झाला आणि त्याने वडिलांना काखेत धरलं. दोघं काहीतरी बोलत होते, ते मला ऐकू आलं नाही. सैनिक आले तेव्हा हर्मान अर्धे बाहेर होते. त्यांच्यातल्या एकाने गोळे शोधायचं यंत्र जमिनीवरून फिरवत वाट मोकळी केली आणि सगळ्यांना परत आणलं. मग त्यांच्या अधिकाऱ्याने आम्हा तिघांची अशी खरडपट्टी काढली की हर्मान यांच्या घोट्याचं हाड मोडलंय हे सांगायचं आम्ही विसरूनच गेलो.

हॉस्पिटलमध्ये एक्स-रेसाठी थांबलो होतो, तिथे हर्मान यांनी टोबियासला सगळं सांगितलं. चाकाच्या खुर्चीत, केसांत पानं अडकलेली. आधी केकचं. ते सांगताना ते त्याच्याकडे बघत नव्हते, समोरच्या भिंतीवरच्या हात धुण्याच्या सूचना वाचत होते. मग त्या तापलेल्या पोराचं, गवंड्याचं. टोबियासने मध्ये एकदाही अडवलं नाही. संपल्यावर "हं" म्हणाला आणि त्यांच्या केसांतली पानं काढायला लागला.

"दुखतंय का फार?" मी हर्मान यांना विचारलं.

"दुखतंय," ते म्हणाले. "तू बस ना जरा. सकाळपासून उभीच आहेस."

तो आठवडा आम्ही दोघं आडनावाबद्दल बोललोच नाही. मी विचारायला जायचे आणि काहीतरी वेगळंच बोलायचे. शुक्रवारी नगरपालिकेच्या त्या खोलीत माझी साडी सारखी पायांत येत होती. आई-बाबांना व्हिसा मिळाला नव्हता, तेव्हा मोठी माणसं म्हणून हर्मान एकटेच, प्लास्टरमधला पाय खुर्चीवर ठेवून. लग्न लावणाऱ्या बाईंनी चष्मा वर केला.

"विवाहानंतरचं नाव?"

मी टोबियासकडे पाहिलं. हर्मान यांनी पाहिलं नाही. ते कुबडीची रबरी टोपी न्याहाळत होते.

"ती आंदुर्लेकर," टोबियास म्हणाला. "मी क्रेहनरोडर. जसं आहे तसं."

बाईंनी लिहून घेतलं आणि पुढचं विचारलं. एवढंच. हर्मान यांनी कुबडी खुर्चीला टेकवली, ती निसटली आणि केवढ्या तरी मोठ्याने फरशीवर आपटली.

बाहेर पॅसेजमध्ये मी टोबियासला बाजूला घेतलं.

"त्या पोराच्या गोष्टीमुळे ना?"

"कुठल्या?" मग तो हसला. "अगं, ती गोष्ट मला माहीत होती. माझ्या आजीने, पपांच्या आईने, मलाही सांगितली होती, लहानपणीच. मी काय, थाप समजायचो. माझ्यासाठी रचलीय असंच वाटायचं."

"मग?"

त्याने वाकून माझ्या पायांत आलेल्या निऱ्या सारख्या केल्या.

"ते मागे फिर म्हणाले," तो म्हणाला. "डिरेक्टऱ्या चाळत जन्म काढलेला माणूस. तिथे अडकले होते, आणि खड्ड्यात गेलं नाव, तू मागे फिर म्हणाले."

मी त्याचा हात धरला. तिकडून हर्मान हाका मारत होते की फोटोवाला थांबलाय, पाय दुखतोय, आणि टेबल साडेबाराचं आहे, उशीर केला तर ते लोक सूप गार करून देतात. आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो आणि दोन्ही बाजूंनी त्यांना उभं केलं.